लष्करी वाहनांचे रंग आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती : ऐतिहासिक पुराव्याच्या दृष्टीने एक अभ्यास

बीजसंज्ञा : लष्करी वाहने, कॅमोफ्लाज, शेडकार्ड, प्रमाणबद्ध प्रतिकृती, साधनचिकित्सा, संग्रहालय.

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास म्हटला की युद्धाची कारणे, सेनापतींचे डावपेच, तह आणि परिणाम यांची चर्चा ओघानेच येते. युद्धात वापरलेल्या वाहनांचा रंग नेमका कोणता होता, हा प्रश्न मात्र इतिहासकाराच्या कक्षेत सहसा येत नाही. तो प्रामुख्याने प्रतिकृतिकारांचा, म्हणजे रणगाडे, चिलखती गाड्या व तोफवाहने यांच्या लहान आकाराच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणाऱ्यांचा प्रश्न मानला जातो. एक छंद म्हणून त्याकडे पाहिले जाते आणि म्हणून तो दुर्लक्षिला जातो.

वस्तुतः या प्रश्नात इतिहासलेखनाचा एक मूलभूत मुद्दा दडलेला आहे. इतिहासकाराला 'करड्या रंगाचे जर्मन रणगाडे' असे लिहून पुढे जाता येते. प्रतिकृतिकाराला ती सोय नाही. असंख्य करड्या छटांपैकी एकच छटा डबीतून काढून त्याला पृष्ठभागावर लावावी लागते. म्हणजेच, शब्दांत जी संदिग्धता झाकून जाते ती ब्रशाच्या टोकाशी येऊन उघडी पडते. रंग लावण्याची ती कृती हे भूतकाळाविषयीचे एक विधान असते आणि कोणत्याही विधानाप्रमाणे त्याला पुरावा लागतो.

हा पुरावा कोणता, तो कितपत विश्वसनीय आणि त्यातील दोष कसे ओळखावेत, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे. विवेचनाचा काळ दुसऱ्या महायुद्धाचा असून उदाहरणे मुख्यतः जर्मन व ब्रिटिश सैन्यांच्या वाहनांची घेतली आहेत. लेखाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील एका संग्रहालयाच्या अनुषंगाने काही विचार मांडले आहेत.

रंगाचे नाव आणि रंगाचा क्रमांक

पहिली अडचण भाषेची आहे. रंगाचे नाव हे रंगाचे वर्णन असते, रंग नव्हे. 'खाकी' हा आपल्या नित्य परिचयाचा शब्द याचे उत्तम उदाहरण ठरेल. 'खाक' म्हणजे धूळ, या फारसी शब्दापासून तो आला. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेन याने पेशावर येथे उभारलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीच्या पोशाखामुळे तो लष्करी परिभाषेत रूढ झाला आणि पुढे इंग्रजी भाषेने त्याचा स्वीकार केला. मराठी माणूस 'खाकी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पोलिसाच्या गणवेशाचा मातकट, पिवळसर तपकिरी रंग उभा राहतो. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश वाहनांवर असलेला 'खाकी ग्रीन नंबर ३' हा रंग हिरव्या कुळातील होता. आणि आजच्या जर्मन शेडकार्डावर ज्या रंगाला 'खाकी करडा' असे नाव आहे तो पुन्हा निराळाच. एकच शब्द, तीन देश, तीन रंग. केवळ नावावर विसंबून रंग निवडणाऱ्याची फसगत येथेच सुरू होते.

या संदिग्धतेवर उपाय म्हणून औद्योगिक राष्ट्रांनी रंगांना क्रमांक दिले. जर्मनीत १९२५ मध्ये 'राल' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी मानकीकरण समिती स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिने ४० रंगांचा पहिला संग्रह तयार केला. ब्रिटनमध्ये 'ब्रिटिश स्टँडर्ड ३८१' या मानकाने तेच कार्य केले. रंगांचे शास्त्रीय वर्गीकरण त्याआधीच सुरू झाले होते. अमेरिकन कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल याने १९०५ मध्ये रंगछटा, उजळपणा आणि रंगघनता या तीन परिमाणांत कोणताही रंग मांडण्याची पद्धत सुचविली. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने रंगमापनाची गणिती चौकट निश्चित केली.

क्रमांक आला म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही. क्रमांकालाही इतिहास असतो. जर्मन लष्कराच्या १९३७च्या आदेशातील 'गडद करडा क्रमांक ४६' हा रंग पुढे 'राल ७०२१' झाला. ब्रिटिश मानकातील 'लाइट स्टोन ६१', 'पोर्टलँड स्टोन ६४', 'सिल्व्हर ग्रे २८' आणि 'स्लेट ३४' हे रंग नंतरच्या आवृत्तीत अनुक्रमे ३६१, ३६४, ६२८ आणि ६३४ झाले. काही क्रमांक तर नाहीसे झाले. १९४२ मध्ये आफ्रिकेसाठी ठरविलेले 'राल ८०२०' व 'राल ७०२७' आणि १९४३ नंतर जवळजवळ प्रत्येक जर्मन रणगाड्यावर असलेला 'राल ७०२८' यांपैकी एकही रंग आजच्या प्रचलित राल संग्रहात नाही. ज्यांचे क्रमांक टिकून आहेत त्यांच्याही बाबतीत आजचे शेडकार्ड म्हणजे १९४१चे शेडकार्ड, असे गृहीत धरता येत नाही. सात-आठ दशकांत रंगद्रव्ये बदलली, त्यांना धरून ठेवणारी तेले व राळा बदलल्या आणि विषारी घटक वगळले गेले. शिवाय मूळ शेडकार्डाची प्रत हाती आली, तरी ती स्वतःच वयोवृद्ध असते. उजेडाने, हाताळणीने आणि कागदाच्या पिवळेपणाने तिच्यात फरक पडलेला असतो.

आदेश आणि अंमल

दुसरे साधन म्हणजे लष्करी आदेश. लिखित पुराव्याला सर्वोच्च स्थान देण्याची आपली परंपरा पाहता हे साधन सर्वांत भक्कम वाटणे स्वाभाविक आहे आणि बऱ्याच अंशी ते तसे आहेही. जर्मन वाहनांच्या बाबतीत त्याचा मोठा उपयोग झाला.

युद्धाच्या पहिल्या वर्षातील जर्मन रणगाडे एकाच गडद करड्या रंगाचे होते, अशी समजूत कित्येक दशके रूढ होती. पुस्तकांतील चित्रे, प्रतिकृतींच्या खोक्यांवरील चित्रे आणि चित्रपट या सर्वांनी ती दृढ केली. मूळ जर्मन कागदपत्रे तपासली असता निराळे चित्र समोर आले. १९३७च्या आदेशानुसार वाहनाचा दोन-तृतीयांश भाग गडद करड्या आणि एक-तृतीयांश भाग गडद तपकिरी रंगाने रंगवायचा होता. रंगाची बचत करण्यासाठी केवळ करडा रंग वापरण्याचा आदेश जुलै १९४० मध्ये निघाला. म्हणजे सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर आणि मे १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या रणगाड्यांवर नियमानुसार दोन रंग होते. हा दुसरा रंग कृष्णधवल छायाचित्रांत कुणाच्या सहज लक्षात आला नाही, कारण दोन्ही रंगांचा उजळपणा जवळजवळ सारखा होता. त्यात धुळीचा थर बसला की उरलासुरला भेदही पुसला जाई. थॉमस जेन्ट्झ आणि हिलरी डॉईल यांच्यासारख्या अभ्यासकांनी दुय्यम ग्रंथ बाजूला ठेवून मूळ दस्तऐवजांकडे जाण्याचा जो आग्रह धरला, त्यातून अशा अनेक समजुतींची फेरतपासणी झाली.

आदेश हे साधन प्रबळ असले तरी आदेश म्हणजे अंमल नव्हे. १७ मार्च १९४१ च्या आदेशाने उत्तर आफ्रिकेतील जर्मन वाहनांसाठी पिवळसर तपकिरी 'राल ८०००' आणि हिरवट करडा 'राल ७००८' हे रंग ठरवून दिले. परंतु 'आफ्रिका कोअर'चे पहिले रणगाडे त्यापूर्वीच, फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये त्रिपोली बंदरात उतरू लागले होते आणि ते युरोपातील गडद करड्या रंगात होते. रंग येईपर्यंत सैनिकांनी जे हाताशी मिळाले त्यावर वेळ मारून नेली. आदेशाची तारीख आणि रणांगणावरील वस्तुस्थिती यांच्यात असे अंतर नेहमीच असते.

१८ फेब्रुवारी १९४३ चा जर्मन आदेश याहून बोलका आहे. त्यान्वये सर्व वाहनांचा मूळ रंग 'डुंकेलगेल्ब', म्हणजे गडद पिवळा, असा ठरला. त्यावर ऑलिव्ह हिरवा व तांबूस तपकिरी या रंगांचे पट्टे वा ठिपके ज्या त्या तुकडीने परिसर पाहून द्यावेत, अशी योजना होती. त्यासाठी घट्ट लगद्याच्या स्वरूपातील रंगाचे डबे पुरविले जात. हा लगदा पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून फवाऱ्याने वा ब्रशाने लावायचा असे. परिणामी एकाच डब्यातील रंग एका रणगाड्यावर दाट व गडद, तर दुसऱ्यावर पातळ व फिकट उमटे. मूळ 'डुंकेलगेल्ब'चा उल्लेखही आरंभीच्या कागदपत्रांत 'नमुन्याप्रमाणे' असा आढळतो. तो ज्या अनेक कारखान्यांनी बनविला त्यांचा कच्चा माल युद्धाच्या उत्तरार्धात सारखा राहणे शक्यच नव्हते. अशा स्थितीत 'डुंकेलगेल्बची खरी छटा कोणती?' हा प्रश्नच सदोष ठरतो. खरी छटा एक नसून ती छटांची एक मर्यादित पट्टी आहे, असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध होईल.

छायाचित्राची साक्ष

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणतो. रंगाच्या बाबतीत ते पुष्कळदा खोटे बोलते. मात्र त्याच्या खोटे बोलण्यालाही नियम असतात आणि ते ठाऊक असले तर त्याच्याकडून बरेच सत्य काढून घेता येते.

त्या काळातील बहुसंख्य छायाचित्रे कृष्णधवल आहेत. 'ऑर्थोक्रोमॅटिक' फिल्मला तांबडा प्रकाश दिसत नाही. त्यामुळे तांबडा वा तांबूस तपकिरी भाग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा भाग प्रत्यक्षापेक्षा फिकट दिसतो. 'पॅनक्रोमॅटिक' फिल्म सर्व रंगांना प्रतिसाद देते, परंतु छायाचित्रकाराने भिंगापुढे पिवळी काच लावली असेल तर तोल पुन्हा बदलतो. म्हणजे दोन छायाचित्रांतील एकाच वाहनाचे करडेपण सारखे नसते. फिल्मचा प्रकार, उजेड, धूळ आणि ओलावा यांचा विचार न करता 'येथे रंग गडद दिसतो, म्हणून हा तपकिरी' असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

रंगीत छायाचित्रे त्याही काळात होती. कोडॅक्रोम फिल्म १९३५ मध्ये आणि नवी आग्फाकलर फिल्म १९३६ मध्ये बाजारात आली. अंधारात नीट जपलेली कोडॅक्रोमची पारदर्शिका अनेक दशके चांगली टिकते. आग्फाकलरमध्ये मात्र काळानुसार रंग ढळण्याचे प्रमाण अधिक असते. छापील पुस्तकात येईपर्यंत छायाचित्र प्रतिमुद्रण, रंगविलगीकरण आणि छपाईची शाई अशा तीन-चार पायऱ्यांवरून गेलेले असते. पुस्तकातील पानाशेजारी रंगाची डबी धरून तुलना करणे म्हणजे मूळ पत्राच्या नकलेच्या नकलेवरून लेखकाचे हस्ताक्षर ओळखण्यासारखे आहे.

तरीही छायाचित्राचे मोल कमी होत नाही. रंग कोणता हे त्याला सांगता आले नाही, तरी रंगाचे पट्टे कोठे होते, कडा तीक्ष्ण होत्या की धूसर आणि दोन रंगांपैकी अधिक उजळ कोणता, हे ते खात्रीने सांगते. आदेशाचा अंमल झाला की नाही याची साक्षही तेच देते. प्रत्येक साधनाला त्याच्या आवाक्यातलाच प्रश्न विचारावा, हे साधनचिकित्सेचे तत्त्व येथे लागू पडते.

जतन केलेली वस्तू आणि रंगाचे थर

चौथे साधन म्हणजे प्रत्यक्ष वस्तू. मूळ रणगाडाच समोर उभा असताना आणखी पुरावा कशाला हवा, असे वाटेल. परंतु रंग ही वस्तूची सर्वांत अस्थिर बाजू आहे. उन्हातील अतिनील किरणांनी रंगाच्या वरच्या थराचे भुकटीत रूपांतर होते आणि तो पांढुरका दिसू लागतो. तेलाधारित रंग अंधारात पिवळसर पडतो. शिसेयुक्त पिवळी रंगद्रव्ये हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळवंडू शकतात. लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेली गेरू, काव यांसारखी मातकट रंगद्रव्ये मात्र अतिशय टिकाऊ असतात. याचा अर्थ मिश्रणातील एक घटक टिकतो, दुसरा ढळतो आणि मूळ छटेऐवजी तिचा एक अंशच आपल्यापुढे राहतो.

याहून मोठा प्रश्न पुनर्रंगाचा आहे. सैन्यात असतानाच वाहन अनेकदा रंगविले जाते. युद्धानंतर चांदमारीचे लक्ष्य, प्रवेशद्वारावरील शोभेची वस्तू किंवा संग्रहालयातील प्रदर्शन म्हणून त्याच्यावर आणखी थर चढतात. जाणकार संधारक अशा वेळी पृष्ठभागाचा लहानसा भाग पॉलिश पेपरने पायरीपायरीने घासून एकाखाली एक असलेले थर उघडे करतात, किंवा रंगाचा सूक्ष्म तुकडा काढून त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुरातत्त्वातील स्तरशास्त्राचेच हे एक लघुरूप होय. विश्वसनीय मूळ थर बहुधा जेथे ऊन व ब्रश दोन्ही पोहोचले नाहीत अशा जागी, उदाहरणार्थ कंसाच्या मागे, पाटीखाली किंवा हत्यारपेटीच्या आत, सापडतो.

'कॉन्टर योजना' : एका निळ्या रंगाची कथा

या चारही साधनांचा परस्परसंबंध बिघडला म्हणजे काय होते, याचे उद्बोधक उदाहरण ब्रिटिश सैन्याच्या 'कॉन्टर योजने'त सापडते. १९४० व १९४१ मध्ये इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात लढणाऱ्या ब्रिटिश रणगाड्यांवर सरळ रेषांचे, तिरके, तीन रंगांचे पट्टे असत. ब्रिगेडियर जे. ए. एल. कॉन्टर यांच्या नावाने ही योजना ओळखली जाते. वाळवंटात रणगाडा लपविणे कठीण. म्हणून त्याचा आकार आणि जाण्याची दिशा यांविषयी शत्रूची फसगत करावी, हा तिचा हेतू. ९ डिसेंबर १९४० रोजी निबेवा येथील इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनने चढाई केली, तेव्हा तिच्या पुढे असलेले मटिल्डा रणगाडे याच काळातील होत. त्यामुळे भारतीय सैन्याच्या इतिहासाशीही या विषयाचा थेट संबंध पोहोचतो.

या योजनेतील तीन रंग म्हणजे सर्वांत उजळ असा लाइट स्टोन किंवा पोर्टलँड स्टोन, मधला सिल्व्हर ग्रे आणि सर्वांत गडद स्लेट. यांपैकी 'सिल्व्हर ग्रे' हे नाव ऐकून चंदेरी रंग डोळ्यांपुढे येत असला, तरी मानक शेडकार्डावर तो फिकट, हिरवट करडा आहे. असे असताना कित्येक वर्षे पुस्तकांत, खोक्यांवरील चित्रांत आणि प्रतिकृतींवर हा मधला रंग स्वच्छ आकाशी निळा दाखविला गेला. ब्रिटनमध्ये जतन केलेल्या मटिल्डा रणगाड्याच्या पुनर्रंगातही निळा रंग आला. एकदा तो संग्रहालयातील वस्तूवर आला म्हणजे त्याला अस्सलपणाची मोहोर लागली. प्रतिकृतिकाराने रणगाडा पाहून निळा रंग लावला, चित्रकाराने प्रतिकृती व रणगाडा पाहून निळे चित्र काढले आणि पुढच्या लेखकाला तीन 'स्वतंत्र' साधने एकमुखाने निळा रंग सांगत आहेत असे दिसले. वस्तुतः ती तीन साधने नव्हती. ते एकाच चुकीचे तीन प्रतिध्वनी होते.

ब्रिटिश आदेश व मानक रंग यांचा चिकाटीने अभ्यास करणाऱ्या माईक स्टार्मर यांच्या लेखनामुळे ही चूक पुढे दुरुस्त झाली आणि निळ्याच्या जागी हिरवट करडा रंग अभ्यासकांत मान्य झाला.

मूळ चुकीचे एक कारण डोळ्याच्या स्वभावातही शोधता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रेल याने १८३९ मध्ये शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना कसे बदलून दाखवितात, याचे सविस्तर विवेचन केले होते. उबदार पिवळट रंगाशेजारी ठेवलेला थंड करडा रंग डोळ्याला निळसर भासतो. वाळूच्या रंगाशेजारचा सिल्व्हर ग्रे पाहणाऱ्याला निळसर वाटला असल्यास नवल नाही. परंतु 'निळसर भासणे' आणि 'निळा असणे' यांतील फरक नोंद करणाऱ्याने पाळला नाही, तर आठवणीतील भास डबीतील रंग होऊन बसतो.

मराठी इतिहाससंशोधनाच्या वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, त्यामागे उत्तरकालीन बखरींपेक्षा अस्सल समकालीन पत्रांना प्रमाण मानण्याची दृष्टी होती. एका बखरीतील मजकूर दुसरीत उतरतो, दुसरीतून तिसरीत जातो आणि संख्येच्या बळावर तो खरा वाटू लागतो. पुन्हा रंगविलेला रणगाडा हा या अर्थाने अस्सल कागद नसून नक्कल आहे. त्याचे पोलाद अस्सल, परंतु रंग उत्तरकालीन. एकाच वस्तूत अस्सल आणि नक्कल असे दोन्ही पुरावे एकत्र नांदत असल्यामुळे ती अधिक फसवी ठरते.

प्रतिकृतीवरील रंग : प्रमाण आणि प्रकाश

मूळ छटा निश्चित झाली असे क्षणभर मानले, तरी तीच छटा लहान प्रतिकृतीवर जशीच्या तशी लावावी काय, हा प्रश्न उरतो. प्रतिकृतिकारांत एक मत असे की, लहान प्रतिकृती दूरून पाहिलेल्या वाहनासारखी असल्यामुळे मधल्या हवेचा परिणाम दाखविण्यासाठी रंगात पांढरा मिसळून तो फिकट करावा. हे मत गणिताच्या कसोटीवर तपासता येते. १/३५ प्रमाणाची प्रतिकृती ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे मूळ वाहन १०.५ मीटरवरून पाहणे. १/७२ प्रमाणात हेच अंतर २१.६ मीटर होते. दृश्यता २० किलोमीटर असलेल्या स्वच्छ हवेत २१.६ मीटर अंतरात प्रकाशाचे क्षीणन अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. डोळ्याला ते जाणवणे शक्य नाही. म्हणजे हवेचे कारण येथे टिकत नाही.

तरीही मूळ छटा प्रतिकृतीवर अधिक गडद भासते, हा अनुभव खोटा नाही. त्याचे कारण हवेत नसून प्रकाशात आहे. दुपारच्या उन्हात पृष्ठभागावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. खोलीत तो काहीशे लक्सच असतो. प्रकाश कमी झाला की डोळ्याला रंगाची घनता कमी भासते आणि गडद रंग काळ्याकडे झुकतो. म्हणून रंग उजळ करणे समर्थनीय ठरू शकते. मात्र त्याचे प्रमाण अंतरावर नव्हे, तर प्रतिकृती कोणत्या प्रकाशात पाहिली जाणार यावर ठरवावे लागेल. हाच मुद्दा रंग जुळविण्यालाही लागू आहे. दोन रंग उन्हात सारखे दिसतात आणि ट्यूबलाइटखाली वेगळे पडतात, कारण त्यांतील रंगद्रव्ये भिन्न असतात. ज्या प्रकाशात जुळणी केली त्याची नोंद नसेल, तर जुळणीला अर्थ राहत नाही.

बाजारातील तयार रंगांचा आधार घेतानाही सावधगिरी आवश्यक आहे. प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध असलेल्या तामिया या जपानी कंपनीच्या रंगमालेत एक्सएफ-६० हा 'डार्क यलो' आहे आणि नंतर आलेला एक्सएफ-८८ हा 'डार्क यलो २' आहे. एकाच नावाचे दोन रंग एकाच उत्पादकाने उपलब्ध करून द्यावेत, यातच 'डुंकेलगेल्ब' ही एक छटा नसल्याची कबुली आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

या चर्चेचा आपल्या परिसराशी असलेला संबंध दूरान्वयाचा नाही. अहमदनगर, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर झालेले अहिल्यानगर, येथील 'कॅव्हलरी टँक म्युझियम' हे फेब्रुवारी १९९४ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या संस्थेने स्थापन केले. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल यांसारखे महायुद्धकालीन ब्रिटिश रणगाडे, जपानी रणगाडे, पॅटन आणि भारतीय बनावटीचा विजयंता असा दुर्मीळ संग्रह तेथे आहे. राज्यातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली तेथे जाऊ शकतात. प्रतिकृतिकारांसाठी तर तो अमोल ठेवा आहे.

उघड्या हवेत ठेवलेल्या पोलादी वस्तूला वेळोवेळी रंगाचा हात द्यावाच लागतो, अन्यथा गंज ती खाऊन टाकील. म्हणून पुनर्रंग करू नये असे म्हणणे अव्यवहार्य आहे. प्रश्न आहे तो नोंदीचा. हे तत्त्व कोणत्याही एका संग्रहालयापुरते मर्यादित नसून छावण्यांत, चौकांत आणि शैक्षणिक संस्थांच्या आवारात स्मारक म्हणून उभ्या असलेल्या प्रत्येक रणगाड्याला व तोफेला लागू आहे. नवा थर देण्यापूर्वी रंगपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत. आडोशाच्या एखाद्या जागी तळहाताएवढा भाग न रंगविता राखून ठेवावा. लावलेल्या रंगाचा क्रमांक व तारीख नोंदवहीत लिहावी. आणि प्रदर्शनाच्या फलकावर 'रंग उत्तरकालीन' एवढे दोन शब्द द्यावेत. यासाठी फार खर्च लागत नाही. परंतु ते न केल्यास पुढील पिढीचा अभ्यासक आजच्या रंगाऱ्याची निवड इतिहास म्हणून स्वीकारील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. रंगाचे नाव, क्रमांक, आदेश, छायाचित्र आणि प्रत्यक्ष वस्तू यांपैकी कोणतेही एक साधन ऐतिहासिक रंग निश्चित करण्यास पुरेसे नाही. मात्र प्रत्येकाचा दोष वेगळ्या प्रकारचा असल्यामुळे ती एकमेकांना दुरुस्त करू शकतात.

२. साधने परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच त्यांच्या एकमताला किंमत आहे. 'कॉन्टर योजने'तील निळा रंग हे परावलंबी साधनांच्या खोट्या एकमताचे उदाहरण आहे.

३. युद्धकालीन रंग हा एक बिंदू नसून छटांची पट्टी आहे. म्हणून 'अचूक रंग' या शब्दप्रयोगाऐवजी 'पुराव्याशी सुसंगत रंग' असे म्हणणे योग्य ठरेल.

४. प्रतिकृतीसोबत तिच्या रंगाचा आधार, प्रकाशाची स्थिती आणि केलेला फेरबदल यांची टिपण ठेवल्यास प्रतिकृती ही शोभेची वस्तू न राहता तपासता येणारे ऐतिहासिक विधान बनते.

५. संग्रहालयांनी पुनर्रंगाची नोंद ठेवणे हा साधनसंरक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

अभिलेखागारातील एखादा कागद कुणी पुसून त्यावर नवा मजकूर लिहिला, तर आपण त्यास अपराध समजतो. रणगाड्याच्या पृष्ठभागावरील रंग हाही त्या काळाने लिहिलेला मजकूरच आहे. त्यावर नवा थर देणे अपरिहार्य असेल, तेव्हा खाली काय होते याची नोंद ठेवणे एवढी जबाबदारी अभ्यासक, संधारक आणि प्रतिकृतिकार या तिघांवरही येते. इतिहासाच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना साधनचिकित्सा शिकविताना पत्रे व शिलालेख यांच्या जोडीला अशा वस्तूंचाही उपयोग केल्यास हा विषय वर्गात अधिक प्रत्यक्ष होईल, असे सुचवावेसे वाटते.